पहिलं पाणी गुरांचं

आधी माफी मागतो. हे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, मला खरंच ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई अजून अंगठा देते. बाबा सही करतात, पण सही पूर्ण होईपर्यंत श्वास रोखून धरतात. अशा घरातल्या मुलाने एका ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहायला बसावं, म्हणजे पोहता न येणाऱ्याने विहिरीची खोली सांगावी तसं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा बाप्तिस्मा झालेला नाही. आमची मंडळी बाप्टिस्ट. आमच्याकडे आईवडिलांमुळे कोणी मंडळीचा सभासद होत नाही. कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, आणि मग सगळ्यांसमोर पाण्यात उतरून पूर्ण बुडावं लागतं. मी अजून उतरलेलो नाही. ज्या घराची गोष्ट सांगतो आहे, त्याच्या उंबरठ्यावरूनच सांगतो आहे. वाचणाऱ्याने तेवढं सांभाळून घ्यावं.

जानेफळच्या रस्त्यावरून आत वळलं की दोन शेतं ओलांडून आमचं गाव येतं. चर्च शोधत आलेल्या पाहुण्याला ते हमखास सापडत नाही. क्रूस आहे, पण तो कडुनिंबाच्या फांद्यांत लपलेला. चुन्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, दोन खिडक्या. दारासमोर कडुनिंब, त्याच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, आणि झाडाखाली हौद. गावात ‘बाप्टिस्ट’ हा शब्द कोणाला नीट म्हणता येत नाही. आम्हाला सगळे ‘हौदवाले’ म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, मोटरसायकलवरून आले होते. चार गावांच्या मंडळ्या ते एकटे सांभाळतात. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि खाली बघत म्हणाले, “तीन वर्षं झाली, हौद पाणी धरत नाही. गावात आता पाचच घरं राहिली आपली. येत्या ईस्टरला इथं बाप्तिस्मा झाला नाही, तर मंडळी तालुक्याच्या मंडळीत जोडायची असं ठरतंय. रविवारी सगळ्यांनी तिकडे जायचं.”

मग ते माझ्याकडे वळले. “तू कॉलेजात आहेस. मंडळीचा इतिहास लिहून काढ. मंडळी राहील न राहील, इतिहास तरी राहील.”

मी हो म्हणालो. ते गेल्यावर चर्चकडे गेलो आणि हौदाच्या काठावर बसलो. तळाशी कडुनिंबाची वाळकी पानं साचली होती आणि शेळीचं एक पिल्लू त्यांच्यावर निजलं होतं. भिंतीत खालपासून वरपर्यंत एक तडा, आणि त्यावर सिमेंटच्या तीन पट्ट्या. या पट्ट्या बाबांनी मारलेल्या. ते मिस्त्रीच्या हाताखाली काम करतात. दर वर्षी ईस्टरआधी त्यांनी हौद भरून पाहिला होता, आणि दर वर्षी सकाळी हौद रिकामा. चुन्याला सिमेंट धरत नव्हतं. तिसऱ्या वेळी ते घरी आले आणि थापी पाण्याने धुवून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवली, एवढं मला आठवतं.

मी नाक हौदाजवळ नेलं. तिथे एक वास असायचा. ओला चुना, शेवाळ, गुरांच्या तोंडाचा गवताळ वास, आणि वरून पडलेला कडुनिंबाचा मोहोर. त्यातलं काहीच नव्हतं. नुसती धूळ.

ईस्टर येतो तो कडुनिंब फुलतो तेव्हा. बांधावर पळस पेटून विझत आलेला असतो, हरभरा निघून गेलेला असतो, आणि विहिरी खाली गेलेल्या असतात. वर्षातलं सर्वांत जास्त पाणी आम्हाला नेमकं अशा दिवसांत लागायचं. आदल्या दिवशी प्रत्येक घरातून घागरी यायच्या. आम्ही मुलं लहान कळशा घेऊन रांगेत. पण घागरींनी हौद भरत नाही. शेवटी पांडुरंगकाका यायचे. चर्चच्या मागचा मळा त्यांचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात. वांग्यांच्या सरीतला पाइप उचलून ते भिंतीवरून हौदात सोडायचे आणि दरवर्षी एकच गोष्ट म्हणायचे.

“तुमच्या देवाले माह्या वांग्याचं पानी देऊन राह्यलो. त्याले सांगजा, अळीकडं जरा ध्यान ठेव म्हना.”

“तूच सांग ना बापा,” मार्थामावशी म्हणायची. “त्याले मराठी समजते.”

मार्थामावशी चर्चच्या मागच्या खोलीत राहते. झाडलोट तिची, रुळाचा तुकडा वाजवणं तिचं, बाप्तिस्म्याचे झगे सांभाळणं तिचं. ती कोणाचीच सख्खी मावशी नाही, म्हणून सगळ्यांचीच आहे. झगे मांजरपाटाचे, लांब, पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेले. पाण्यात उतरल्यावर झगा फुगून वर येऊ नये, म्हणून मावशीने काठात सायकलच्या दुकानातले वायसर, त्या लोखंडी चकत्या, शिवल्या होत्या. त्यामुळे झगा घालून कोणी चाललं की बारीक किणकिण व्हायची. पाच-सहा जण ओळीने हौदाकडे निघाले की पैंजण घातलेलं कोणी चाललंय असं वाटायचं. मी तो आवाज अजून कुठेही ओळखेन.

आणि मग सगळे थांबायचे. पाळकसाहेब, झगे घातलेले, पेटी वाजवणारा, आम्ही पोरं, सगळे. कारण आधी गुरं यायची. पांडुरंगकाकांच्या गायी, शेजारच्या आळीतल्या म्हशी, कोणाची तरी शेळी. ती यायची, मान घालून पाणी प्यायची, कान हलवून निघून जायची. गुरं पिऊन गेल्याशिवाय आमच्या हौदात माणूस उतरत नाही. लहान असताना मला वाटायचं, सगळ्या जगातल्या चर्चमध्ये असंच असतं. तालुक्याच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शेजारच्या मुलाला विचारलं, “गायी कुठून येतात?” तो हसून हसून बाकाखाली गेला.

दिवाळीच्या त्या सुट्टीत मी वही घेऊन मावशीकडे गेलो. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

“काऊन बे पोट्ट्या, वही कायले आनली? पोलीस हायेस का?”

“मावशी, मंडळीचा इतिहास लिवाचा हाय.”

“इतिहास राजाचा असते. आपला काय? आपला हौद हाय.”

“मंग हौदाचाच सांग.”

तिने माझ्याकडे पाहिलं, सूप पुढे सरकवलं आणि म्हणाली, “हात चालव. फुकट नाई सांगत.”

आम्ही शेंगा सोलल्या आणि तिने सांगितलं. तिने ते तिच्या आजीकडून, सारूबाईकडून ऐकलेलं. सारूबाई बायबलबाई होती. पिशवीत पुस्तक घालून गावोगाव चालत जायची, बायकांजवळ बसायची, त्यांच्याबरोबर दळायची आणि दळता दळता गोष्टी सांगायची. त्या काळी एक गोरा साहेब घोड्यावरून येत असे. आंब्याखाली उपासना व्हायची. मग चर्च बांधायचं ठरलं. साहेबाने भिंती उभ्या केल्या, गवंड्याला म्हणाला, समोर एक हौद बांध, माणूस उतरेल एवढा. आणि पावसाळा आला म्हणून मलकापूरला निघून गेला, तिथे रेल्वे होती.

गवंड्याने जन्मभर गुरांचेच हौद बांधले होते. त्याने पायऱ्या केल्या, सांगितल्याप्रमाणे. पण एका बाजूची भिंत बुटकी ठेवली, गुरांची मान पोचावी म्हणून. हौद म्हटला की ती बाजू बुटकीच असते, दुसरा हौद त्याने पाहिलाच नव्हता. साहेब परत आला, बैलगाडीत रुळाचा तुकडा घंटा म्हणून घेऊन, तर हौदावर गावची गुरं पाणी पीत उभी.

“मंग साहेब काय म्हनला?” मी विचारलं.

“कोनी म्हनते हासला. कोनी म्हनते दोन दिस बोलला नाई. मी होती का तथी?” मावशीने शेंगेचा दाणा तोंडात टाकला. “पन भिंत काई उंच केली नाई. आपल्याच लोकायनं करू देली नाई.”

“काऊन?”

तिने टरफलं बाजूला सारली आणि म्हणाली, “तवा आपल्या मानसायले गावच्या विहिरीवर चढता नाई ये. विहीरवाले पानी वरतून वाढत. अन् आपल्या हौदावर तेयच्याच घरचे ढोरं येऊन पानी पेत. मानसाले विटाळ व्हे, ढोराले नाई. मंग सांग, शाहनं कोन?”

“ढोरं.”

“म्हनून पयलं पानी तेयचं. शाहन्याचा मान.”

मी हे लिहून घेतलं. ही गोष्ट पांडुरंगकाकांनाही ठाऊक आहे. ज्या विहिरीचं पाणी ते आज पाइपने आम्हाला देतात, ती त्यांच्या आजोबांची. त्या विहिरीवर कोणाला चढता येत नव्हतं हे ते स्वतःच सांगतात, जमिनीकडे बघत. आणि दर ईस्टरला त्यांची गाय सर्वांत आधी यायची. ते तिला आदल्या दिवशी धुवायचे.

बुटक्या भिंतीमुळे आणखी एक झालं. हौद कधीच पूर्ण भरत नाही. पाणी कमरेच्या खालीच राहतं. इतर ठिकाणी पाळक माणसाला मागे झुकवून बुडवतात. आमच्याकडे तेवढं पाणीच नाही, म्हणून आमची माणसं आधी पाण्यात गुडघे टेकतात आणि मग पुढे वाकून बुडतात. तालुक्याची पोरं आम्हाला ‘गुडघेबुडे’ म्हणून चिडवतात. गवंड्याची चूक. पण मी माझ्या आईला त्या पाण्यात गुडघे टेकताना पाहिलं आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन. ती वर आली तेव्हा तिच्या केसांत कडुनिंबाचा मोहोर अडकला होता, आणि तिने डोळे उघडून सर्वांत आधी मला शोधलं. जगात दुसरीकडे कुठे बुडली असती तर तिचं तोंड आभाळाकडे असतं. इथे ते आमच्याकडे होतं.

बाकीचे ऋतूही आठवतात. नाताळात तुरीच्या काड्यांचा तारा बांधायचो, पतंगाचा कागद लावून. खळ पिठाची, त्यामुळे मुंग्या लागायच्या आणि नाताळ येईपर्यंत ताऱ्याचा एखादा कोपरा खाल्लेला असायचा. खिडकीतून करंज्यांचा वास आणि पत्र्यावर दवाचे थेंब. उपकारस्तुतीच्या रविवारी, सुगीचं पीक देवाला वाहायच्या दिवशी, चर्चमध्ये बाक दिसायचे नाहीत. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, वांग्यांची टोपली, कोणी आणलेला एकच मुळा. त्या दिवशी प्रार्थना कमी आणि शिंका जास्त, कारण कणसांचा कोंडा हवेत. पेटीचा एक स्वर कायम दाबलेला राहायचा, म्हणून आमच्या सगळ्या गीतांना मागे एक लांब ‘ऊं’ होता. नवी पेटी आल्यावर दोन-तीन रविवार कोणालाच नीट गाता आलं नाही.

आता ते लिहितो जे लिहायचं नव्हतं.

मी सोळा वर्षांचा होतो. माझ्या बरोबरीची तीन मुलं आणि मी, चौघांचा बाप्तिस्मा ठरला होता. झगा घातला. वायसर किणकिणले. गायी पिऊन गेल्या. तिघं उतरले, वर आले. माझी पाळी आली. पाळकसाहेबांनी पाण्यातूनच विचारलं, “हे तू स्वतः म्हणतोस का? कोणाच्या सांगण्यावरून नाही ना?”

नेहमीचा प्रश्न. सगळ्यांना विचारतात. उत्तर एका शब्दाचं. मी पहिल्या पायरीवर उभा होतो, पाणी घोट्याला लागत होतं, आणि मला समोर आई दिसत होती, बाबा दिसत होते. मला कळेना, मी म्हणतो आहे की ते. मी म्हणालो, “मला माहीत नाही.”

कोणी रागावलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी पायरी चढून परत आलो. झग्याचा काठ तेवढा भिजला होता. मावशीने झगा काढून घेतला, काठ पिळला, घडी घातली.

“बरं,” ती म्हणाली. “झगा काई कुठी जात नाई.”

पुढच्या वर्षी हौदाला तडा गेला. कडुनिंबाचं मूळ भिंतीत शिरलं होतं. त्यानंतर त्या हौदात कोणीच उतरलं नाही. गावातला शेवटचा बाप्तिस्मा म्हणजे माझा न झालेला. कॉलेजच्या वसतिगृहात पुष्कळदा असं वाटलं की झाडाचं मूळ हे निमित्त, तडा माझ्या त्या उत्तराने गेला. असं नसतं, हे मला समजतं. तरी वाटायचं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी इतिहास लिहून काढला. वहीची बावीस पानं. त्यात मावशीने सांगितलेलं सगळं घातलं, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे मला कळत नव्हतं. शिकलेल्या माणसाने कदाचित गाळलं असतं. सारूबाईने हौदासाठी चुना कसा कुटला, तेसुद्धा घातलं: कळीचा चुना आठ दिवस भिजवायचा, त्यात विटांचा बारीक चुरा, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. बायांनी आळीपाळीने उखळात कुटायचा. बोटाला दुधाची साय लागावी तसा लागला की मगच भिंतीला लावायचा, आणि वरून ओली पोती. मावशी हे सांगताना हवेत मुसळ चालवत होती, म्हणून मला ते आवडलं. एवढंच. मला ते एखाद्या जुन्या गाण्यासारखं वाटलं होतं.

वही बाबांजवळ दिली. पाळकसाहेब आले की द्या, म्हणालो. आणि बुलढाण्याला वसतिगृहात परत आलो.

मग नाताळ झाला, मी परीक्षेमुळे गेलो नाही. संक्रांत गेली. वहीबद्दल कोणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, पाळकसाहेबांनी वाचली असेल आणि ती बरी नसेल.

काल हे सगळं पुन्हा लिहायला बसलो, ते वसतिगृहासमोरच्या कडुनिंबाला मोहोर आला म्हणून. ईस्टरला अजून आठवडा आहे. शेवटचं वाक्य काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून कागद तसाच ठेवून झोपलो. आज सकाळी उजाडता उजाडता फोन वाजला. बाबा कधी फोन करत नाहीत. ते मिस कॉल देतात आणि मी करतो. आज वाजतच राहिला.

“जागा हायेस?” बाबा म्हणाले. मागे बरीच माणसं बोलत होती. “हौदावर हावो सगळे.”

“काय झालं?”

“तुही वही. पांडुरंगानं वाचून दाखोली मले, पह्यल्या पानापासून. चुन्याचं आलं तथी मी म्हनलं, थांब. पुन्हा वाच.” ते एकदम थांबले. मग भरभर बोलले. “सिमेंट पुरं खरवडून काढलं. मूळ कापलं नाई, वळवून बाहेर काढलं. नाताळपासून चुना कुटून राह्यलो. तुही माय, मावशी, पांडुरंगाची बायको, सगळ्या. तुले नाई सांगतलं. मंग चौथ्या खेपी बी फसलो असतो तं...”

“मग?”

“काल चार वाजता भरला. पान्याच्या बरोबरीत कोळशानं रेघ मारली. आता उजाडलं की पाहाचं. तुह्या वहीतलं हाय, म्हनून तुले फोनवर घेऊनच पाहाचं ठरलं. थांब, मावशी मांगते फोन.”

मागून पांडुरंगकाकांचा आवाज आला, “लवकर पाहा रे बापा! गाय ओढून राह्यली, माह्या हातात राहात नाई!”

“धरून ठेव तिले! रेघ पाह्यल्याबिगर एक घोट बी नाई!” मावशी ओरडली, आणि मग फोनमध्ये हळू म्हणाली, “आयकतं का? तुहा झगा काल धुवून उन्हात टाकला व्हता. तू उंच झाला. काठ उसवून, वायसर काढून, पुन्हा शिवा लागते. शिवू का?”

मी खिडकीपाशी उभा होतो. हौदात पाणी आहे की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. समोर ना आई होती, ना बाबा.

“हाव मावशी,” मी म्हणालो. “शिव.”

“स्वतः म्हनतं ना बे?”

“स्वतः म्हनतो.”

फोन तिने बहुतेक छातीशी धरला असावा, कारण काही वेळ नुसता कापडाचा आवाज येत राहिला. मग पायऱ्यांवर कोणी उतरल्याचा आवाज. मग बाबा, लांबून, कोणालाच उद्देशून नाही, नुसतेच.

“रेघेवर हाय.”

आणि मग सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्याने:

“रेघेवर हाय पानी! पांडुरंगा, सोड रे गाय!”